नरकाची भीती आणि साताऱ्यातला दरबार

१८८६ चा उन्हाळा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माउंट हर्मन या गावी कॉलेजातल्या तरुणांचे शिबिर भरले होते. बायबलचा अभ्यास हा शिबिराचा जाहीर हेतू. पण बाविशी-तेविशीतला एक तरुण तिथे वेगळ्याच खटपटीत होता. एकेकाला गाठायचे, त्याच्याबरोबर प्रार्थना करायची आणि परदेशात मिशनरी म्हणून जाण्याचे वचन त्याच्याकडून घ्यायचे. शिबिर संपेपर्यंत असे शंभर तरुण तयार झाले. हा रॉबर्ट वाइल्डर कोल्हापुरात जन्मलेला. त्याचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले होते. याच शिबिरातून पुढे विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. एका पिढीच्या आत सगळ्या जगापर्यंत शुभवर्तमान पोचवायचे, हे तिचे घोषवाक्य.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात दुसरा एक मिशनरी बोलायला उभा राहिला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला होता. १८७४ पासून ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते आणि तिथले धर्मविद्यालय त्यांनीच सुरू केले होते. सुट्टीवर मायदेशी आलेल्या ह्यूम यांच्या बोलण्याचा रोख असा होता: ख्रिस्ताचे नावही कानावर न पडता जे मेले ते सगळे कायमचे नरकात गेले, असे हिंदुस्थानात सांगत हिंडणे हे शुभवर्तमानाच्या गळ्यात अडकवलेले ओझे आहे. अशा माणसांना मृत्यूनंतर तरी ख्रिस्ताला ओळखण्याची संधी मिळेल, ही आशा बाळगायला हरकत नसावी.

दोघेही अमेरिकन, आणि दोघांचाही जन्म महाराष्ट्रातला. सातारा-सांगलीकडे प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्माची पुढची पन्नास वर्षे कशी गेली हे समजून घ्यायचे तर त्या वर्षापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

नरकाचा प्रश्न त्या काळी पुस्तकी नव्हता. अमेरिकन मिशनचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. मुंबईत १८१३ साली उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल यांनी सॅम्युअल न्यूअल यांच्यासह १८१८ मध्ये एक पुस्तिका छापली. साठ कोटी माणसांचा हक्क हा तिचा विषय, आणि ही साठ कोटी माणसे म्हणजे ख्रिस्ताविना नाशाकडे चाललेले जग. चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर दर महिन्याला देवाविना मरणाऱ्या दहा लाख चिन्यांचा हिशेब मांडत. घरदार सोडून, पटकी-हिवतापाच्या देशात येऊन पोरेबाळे पुरणाऱ्या या माणसांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. स्वतः हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असतानाच पटकीने गेले. नरकाच्या खाईत पडणाऱ्या माणसाला हात द्यायला आपण निघालो आहोत, अशी त्यांची खरोखरची समजूत होती.

ऐकणाऱ्याच्या बाजूने मात्र हे सगळे वेगळेच दिसे. साताऱ्यात अमेरिकन मिशन १८४९ साली आले. आदल्याच वर्षी शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले होते आणि डलहौसीने संस्थान खालसा केले होते. गादी गेलेल्या त्या शहराजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला पितरांच्या नावाने पिंड पडत. तीन पिढ्यांची नावे घेऊन तर्पण करणाऱ्या माणसाला ‘तुझे आजे-पणजे जळत आहेत’ हे सांगणे म्हणजे काय, याचा अंदाज बोस्टनच्या मिशन कचेरीत बसून येणे कठीण होते. ‘मग आमच्या वाडवडिलांचे काय?’ हा प्रश्न बाजारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उपदेशकाला टाळता येत नसे. बाप्तिस्मा घेतलेल्या मराठी माणसाच्या मनात तो त्याहून खोल रुतलेला असणार. तो स्वतः वाचला, पण आई? आजी?

ह्यूम यांना हा प्रश्न नगरात बारा वर्षे ऐकून माहीत होता. त्यांच्या बोलण्याने, अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या मिशन बोर्डात खळबळ उडाली. १८८६ च्या शरद ऋतूत दे मॉइन शहरात बोर्डाची वार्षिक सभा भरली, आणि ती याच विषयावर गाजली. मृत्यूनंतरच्या संधीची आशा धरणाऱ्या उमेदवारांना मिशनरी म्हणून पाठवायचे नाही, असा बोर्डातल्या कर्मठांचा आग्रह. ह्यूम हे तर बारा वर्षे काम केलेले गृहस्थ. तरी त्यांचे परत जाणे अडवून धरण्यात आले. हिंदुस्थानातल्या सहकाऱ्यांनी त्यांची पाठराखण केली, वर्तमानपत्रांतून वाद रंगला, आणि अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना नगरला परतण्याची परवानगी मिळाली.

एका मिशनऱ्याच्या परतीच्या तिकिटावरून झालेले हे भांडण आज किरकोळ वाटेल. पण त्याचा निकाल उलटा लागला असता तर नगरच्या मिशनचा तोंडवळा निराळा झाला असता, आणि नारायण वामन टिळक नावाचा मनुष्य तिथे टिकला असता की नाही, याची शंकाच आहे.

टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनामुळे, आणि ती बहुधा निम्मीच माहीत असते. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, हाडाचे कवी, डोक्याने भटके. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियनाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले. शत्रूवरही प्रेम करा, दुसरा गाल पुढे करा, उद्याची चिंता करू नका, हे तिथले बोल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही गोऱ्या साहेबाच्या हातून न घेता तुकाराम नथोजी या मराठी पाळकांच्या हातून.

टिळक ख्रिस्ताकडे आले ते नरकाच्या धाकाने आले नाहीत. त्यांना ओढ लागली होती ती एका माणसाची, गुरूची. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते पुढे सांगत. महाराष्ट्राचे संत हा मराठी ख्रिस्ती माणसाचा जुना करार आहे, अशीही त्यांची भूमिका होती. ज्याच्या आजे-पणज्यांनी ज्ञानोबा-तुकोबा गायले, त्याला आपले आजे-पणजे अंधारात बुडाले होते असे मानणे शक्यच नव्हते. अँडोव्हरमध्ये ह्यूम यांनी जो प्रश्न धर्मशास्त्राच्या भाषेत मांडला, त्याचे उत्तर टिळकांनी वारकऱ्यांच्या वाटेने दिले. दोघे नगरला एकाच मिशनमध्ये होते, हा योगायोग मराठी ख्रिस्ती साहित्याला फार लाभला.

धर्मांतराने घर मात्र मोडले. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यांचा त्रास नरकाच्या धाकाचा नव्हता, सोवळ्या-ओवळ्याचा होता. कोणाच्या हातचे पाणी, कोणाची सावली, कोणती पंगत: भीतीचा धर्म एकट्या मिशनच्या पेटाऱ्यातून आला होता असे मानण्याचे कारण नाही, तो वाड्यातही पिढ्यान्पिढ्या मुक्कामाला होता. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे लक्ष्मीबाईंना उमगत गेले आणि १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी इतक्या हसतखेळत सांगितला आहे की त्यामागचा धीर चटकन ध्यानात येत नाही.

नगरात टिळक धर्मविद्यालयात शिकवत, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी बाजूचे संपादन करत, भजने रचत आणि कीर्तने करत. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी पाडली होती. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. लौकिक अर्थाने सगळे सुरळीत होते, आणि तरी त्यांची घुसमट वाढत होती.

घुसमटीचे कारण वेगळे होते. नरकाचा बागुलबुवा नगरच्या मिशनमध्ये एव्हाना मागे पडला होता. ह्यूम यांनी १९०५ मध्ये मिशनकार्याच्या आधुनिक दृष्टीवर पुस्तकच लिहिले. त्यात हिंदू माणसाशी आदराने बोलण्याचा आग्रह होता. पण मोठे भय गेले तरी लहान भये उरली होती. मिशनच्या आवारात राहणारा मराठी ख्रिस्ती माणूस पगारासाठी, मुलांच्या शाळेसाठी, घरासाठी, अगदी पुरायच्या जागेसाठीही साहेबाकडे बघे. नोकरी गेली की आवार सुटणार आणि आवाराबाहेर भाऊबंदांनी टाकलेले, अशी कात्री. अशा माणसाचा विश्वास मोकळा कसा राहणार? टिळकांना हे सलत होते. मिशनऱ्यांचा द्वेष त्यांनी केला नाही. परदेशी पैशाच्या आणि परदेशी अधिकाराच्या सावलीत ख्रिस्त हा गोऱ्यांचा देव होऊन बसला आहे, एवढेच ते बोलून दाखवत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत यथातथा, पदरी संसार. पगार बंद करून या गृहस्थाने संन्यास जाहीर केला, तोही बायकामुलांना न टाकता. संसारातल्या या संन्याशाने मुक्कामासाठी सातारा निवडले.

सातारा म्हणजे मराठ्यांची राजधानी, आणि जवळच सज्जनगड. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या इथे कधीच मोठी नव्हती. मिशनच्या दृष्टीने हे शहर म्हणजे साठ-सत्तर वर्षे नांगरून फारसे पीक न आलेले शेत. टिळकांनी तिथे मांडला तो ‘देवाचा दरबार’. कल्पना थोडक्यात अशी: ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे एक बंधुमंडळ. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताच्या मागे चालायचे आहे त्याने यावे. नवा पंथ काढायचा नव्हता, आणि आपल्या मंडळीशीही टिळकांनी नाते तोडले नाही. दरबाराला दारच असू नये, एवढीच त्यांची ओढ.

यातला बाप्तिस्म्याचा मुद्दा साधा नव्हता. बाप्तिस्मा हीच तर रेघ होती: रेघेच्या आतला वाचला, बाहेरचा गेला. ज्यांनी ही रेघ ओलांडण्यासाठी आईवडील, वाटा, जात, सगळे घालवले होते, त्यांना टिळकांचे हे औदार्य बोचले असेल तर नवल नाही. आम्ही किंमत मोजली आणि आता म्हणता रेघच नाही? शिवाय बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरच्या माणसाला माणुसकीचा हक्क मिळवून दिला होता. तो सहजी सैल करणे ब्राह्मण कुळातून आलेल्या कवीला जितके सोपे होते, तितके नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून आलेल्या माणसाला नव्हते. टिळकांवर प्रेम करणारे लिहिणारे ही बाजू बहुधा गाळतात.

दरबार वाढायला वेळच मिळाला नाही. दीड-दोन वर्षांत टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी ते मुंबईला गेले आणि ९ मे १९१९ रोजी तिथेच वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले, जे त्या काळच्या प्रोटेस्टंट मंडळीत अपवादात्मकच होते, आणि अस्थी नगरला नेल्या. साताऱ्यातला दरबार त्यांच्या मागे संस्था म्हणून उभा राहिला नाही. घटना नाही, निधी नाही, वारस नाही. असले काम एका माणसाच्या आवाजावर चालते आणि आवाजाबरोबर थांबते.

टिळक साताऱ्याला शेवटचे दिवस काढत असताना मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांचे वाचन मात्र बदलू लागले होते. पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९१९ सालीच प्रसिद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट १९१० मध्ये काम सोडून मायदेशी गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई आणि महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत आणण्यात घालवले. त्याच मिशनच्या विल्बर डेमिंग यांनी १९२८ मध्ये रामदास आणि रामदासी संप्रदायावर पुस्तक लिहिले. ज्या सज्जनगडाच्या डोंगराखालच्या माणसांना वाचवायला यांचे पूर्वसुरी आले, त्याच डोंगरावरच्या समर्थांचा अभ्यास करायला हे बसले. ऐंशी वर्षांत केवढा हा फरक!

सगळ्यांचा प्रवास मात्र या एकाच दिशेने झाला नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण बुचकळ्यात टाकणारे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी बाईच्या स्वतंत्र बुद्धीचा अस्सल दस्तऐवज आहे. भटांच्या जोखडातून सुटलेली मी आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा बाणा. पण याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये पापाच्या जाणिवेने रडणाऱ्या, रात्ररात्र प्रार्थना करणाऱ्या मुलींची मोठी जागृती झाली. जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासात तिची नोंद आहे. बुद्धीने मोकळी झालेली बाई उतारवयात पश्चात्तापाच्या आगीकडे वळली. याला अधोगती म्हणायचे की भक्तीची दुसरी तऱ्हा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या, जगाने टाकलेल्या पोरींना त्या रडण्यातून काहीतरी मिळाले होते, एवढे नाकारता येत नाही.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगली-मिरजेकडे, हीच गोष्ट दुसऱ्या वळणाने गेली. रॉयल वाइल्डर यांचे कोल्हापूरचे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले आणि तिथून ते सांगलीपर्यंत पसरले. १८८९ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस आले. मिरजेच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि तीनच वर्षांत वैद्यकीय शाळाही. वॉन्लेस नेमस्त, श्रद्धाळू ख्रिस्ती होते. शुभवर्तमान सांगणे त्यांनी कधी सोडले नाही. पण मोतीबिंदू काढून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याच्या लेखी मिरजेचा धर्म म्हणजे परत आलेली नजर. सांगलीत मिशनने शेती आणि उद्योग शिकवणारी शाळा चालवली. जॉन गोहीन यांच्या काळात तिचे शिक्षण खेड्यापाड्यांतही जाऊ लागले. सुधारलेला नांगर आणि चांगली कोंबडी यांत तारणाचा संबंध कुठे येतो, हे बोर्डाला पटवणे सोपे नसावे.

कारण त्याच वर्षांत अमेरिकेत प्रेसबिटेरियन चर्च दुभंगत होते. १९२० मध्ये कर्मठांसाठी ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव जन्माला आले, आणि १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून हॅरी फॉस्डिक यांनी या मंडळींना जाहीर आव्हान दिले. १९३२ साली तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या समितीचा अहवाल आला. हिंदुस्थान, चीन, जपान बघून समितीने म्हटले की दवाखाना, शाळा, शेती ही आमिषे म्हणून चालवू नका, ती स्वतःच्याच मोलाची कामे आहेत, आणि इतर धर्मांकडे शत्रू म्हणून पाहू नका. चीनमध्ये वाढलेल्या लेखिका पर्ल बक यांनी अहवाल उचलून धरला आणि वादानंतर त्यांना प्रेसबिटेरियन मिशन सोडावे लागले. कर्मठांचे पुढारी ग्रेशम मेचन यांनी १९३३ मध्ये वेगळे मिशन बोर्ड काढले. मिरजेचा दवाखाना आणि सांगलीची शाळा ज्या बोर्डाची होती, तेच बोर्ड या भांडणाच्या मधोमध सापडले होते. त्या भांडणाचा निकाल अमेरिकेत अजून लागलेला नाही. मिरजेत तो दवाखान्याच्या रांगेने केव्हाच लावून टाकला होता.

टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाद्र्याने लिहिले. आदल्याच वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला होता. गोरे आणि हिंदी एकाच पंगतीत, एकाच साध्या राहणीत, असा आश्रम पुढे पुण्यात चालला. तिथे १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन आले. दुसऱ्या आगमनाची रोज वाट पाहणाऱ्या कडक घरात वाढलेला हा बिशपचा मुलगा. पुढे ते गांधींजवळ गेले, मग गोंडांत राहिले आणि शेवटी चर्चच सोडून बसले. टिळकांनी उघडे ठेवलेले दार कोणाला आत घेण्यासाठी होते, तसे कोणाला बाहेर पडण्यासाठीही उपयोगी पडले.

दरबार फसला, पण भजने उरली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा फार मोठा भाग टिळकांचा आहे, आणि त्यात धाक शोधून सापडत नाही. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३६ मध्ये त्या नाशिकला वारल्या आणि ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. साताऱ्याच्या अमेरिकन मिशनची काँग्रिगेशनल परंपरा आणि सांगलीची प्रेसबिटेरियन परंपरा १९२४ मध्येच एका संयुक्त मंडळीत आल्या होत्या. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताची एकत्रित मंडळी स्थापन झाली तेव्हा ऐक्याचे हे काम आणखी रुंद झाले.

धाकाचा उपदेश यामुळे संपला असे नाही. कुठल्याही धर्मात तो संपलेला नाही, आणि मंडपातल्या ध्वनिवर्धकाने त्याला नवा जोर दिला आहे. पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचे उत्तर अमेरिकेतून मागवावे लागत नाही, ते त्याच्या भजनाच्या वहीत आहे. मराठी साहित्याने मात्र टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकात बसवले आणि मंडळीने गीतकार म्हणून. पगार सोडून साताऱ्यात बसलेला, रेघ पुसायला निघालेला टिळक दोघांनाही अडचणीचा वाटला असावा. ‘स्मृतिचित्रे’ शाळेत वाचलेल्या धड्यापाशी न सोडता, साताऱ्याच्या दिवसांपर्यंत एकदा अवश्य वाचावे.